धनशक्ती बाजरी: तीन खरीप पेरली, दोन हंगाम भाकरी खाल्ली, त्याचा अनुभव

धनशक्ती बाजरीबद्दल गेल्या वर्षभरात मला इतक्या बायकांनी विचारलंय, कुणी लग्नात गाठून, कुणी फोन करून, की म्हटलं आता एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं. आम्ही नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले, पारनेर तालुक्यातले. जमीन साडेतीन एकर, त्यातली दीड एकर माळाची हलकी, विहिरीला दिवाळीनंतर पाणी टिकत नाही, त्यामुळे खरिपात बाजरी-मूग आणि रब्बीत ज्वारी-कांदा असंच वर्षानुवर्षं चाललंय. बाजरी आमच्याकडे विकायला कमी आणि खायला जास्त, त्यात सरमाड जनावरांना होतं म्हणून ती सोडवत नाही.

या वाणाकडे मी वळले ते थोरल्या मुलीमुळे. सहावीत असल्यापासून ती दमायची, जिना चढली की बसायची, नखं पांढरी दिसायची आणि मला वाटायचं वाढीचं वय आहे, होईल नीट. २०२३ च्या उन्हाळ्यात गावातल्या ताईंनी उपकेंद्रातल्या एका शिबिराचं सांगितलं, कृषी विज्ञान केंद्राच्या एक मॅडम आल्या होत्या, त्यांनी समोर दोन वाट्या ठेवल्या, दोन्हीत बाजरी, दिसायला जवळपास सारखीच, आणि म्हणाल्या यातल्या एकीत लोह जास्त आहे, ओळखा कुठली. कुणालाच ओळखता आलं नाही. ते माझ्या डोक्यात राहिलं.

आधी हे वाण काय आहे ते सांगते, कारण लोकांचा दोन गोष्टींत फार गोंधळ होतो. रेशनवर आला होता तो पोषणयुक्त तांदूळ वेगळा, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून बनवलेले दाणे कारखान्यात मिसळलेले असायचे, आमच्याकडे त्यालाच काहीजण प्लॅस्टिकचा तांदूळ समजून वेचून टाकत होते. धनशक्तीत बाहेरून काहीच घातलेलं नाही. ती जैवसंपृक्त आहे म्हणजे रोपच मातीतून जास्त लोह उचलून दाण्यात साठवतं, आणि हे निवड पद्धतीनं केलेलं आहे, जीएम (जनुकांत बदल केलेलं) वगैरे काही नाही. हैदराबादजवळची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि आपलं राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून केलेलं काम आहे हे. २०१२ साली बियाणं महाराष्ट्रात शेतकऱ्यांपर्यंत आलं, २०१४ ला देशभरासाठी अधिसूचित झालं, आणि लोह वाढवलेलं हे आपल्या देशातलं बाजरीचं पहिलं वाण.

आता आकडे. पिशवीवर, पत्रकांवर पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) लिहिलेलं असतं ते आपल्याला कळत नाही, म्हणून मी ते ताटाच्या हिशेबात करून घेतलं. धनशक्तीत लोह साधारण ७१ पीपीएम, म्हणजे १०० ग्रॅम पिठात सात मिलिग्रॅमच्या आसपास. बाजारातल्या बऱ्याच संकरित वाणांत हे चार ते पाच असतं, गव्हात चारच्या आसपास, पॉलिश केलेल्या तांदळात तर एकसुद्धा नाही. जस्त ४० पीपीएम. बाईमाणसाला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) २०२० मध्ये सांगितलंय, पुरुषाला १९. कष्ट करणारी बाई दिवसभरात दोन-तीन भाकरी खाते, म्हणजे दोनशे ग्रॅम पीठ धरा, तर चौदा मिलिग्रॅम नुसत्या भाकरीतून, साध्या बाजरीतून आठ ते दहा. चार ते सहा मिलिग्रॅमचा फरक, रोजचा, एक पैसा जास्त न घालता आणि स्वयंपाकात काडीचाही बदल न करता. मला हे फार मोठं वाटतं. कारण आमच्या घरात काय, गावात काय, भाजी कमी-जास्त होते, दूध डेअरीला जातं, अंडी विकली जातात, पण भाकरी ताटात असतेच. आणि बायका शेवटी जेवायला बसतात तेव्हा कालवण संपलेलं असलं तरी भाकरी उरलेली असते. म्हणून जे काही द्यायचं ते भाकरीतूनच द्या, हे ज्यांना सुचलं त्यांचे खरंच उपकार आहेत.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के पोरांच्या. आधीच्या पाहणीत बायकांचा आकडा ४८ होता. म्हणजे कमी व्हायचा तर तो वाढलाय, आणि हे आपण पिकवणारे लोक, अन्नधान्य आपल्या घरात असताना. वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

तर पहिलं वर्ष, २०२३. ते वाया गेलं आणि त्यात माझीही चूक आहे म्हणून सविस्तर सांगते. शिबिरात ऐकलं, दुसऱ्या दिवशी आठवडी बाजाराला गेले, तिथल्या एका दुकानदारानं सुटं बी पोत्यातून काढून दिलं, धनशक्तीच आहे म्हणाला, बिल मागितलं तर म्हणाला ताई दीड किलोचं काय बिल करायचं, आणि मी आणलं. पाऊस त्या वर्षी कसा होता आठवत असेल, ऑगस्ट सगळा कोरडा गेला, पण जे उगवलं ते बघूनच यांच्या लक्षात आलं की काहीतरी घोळ आहे. निम्मी ताटं एका उंचीची, निम्मी गुडघाभर वर, कणसं काही जाड आखूड तर काही लांब, केसाळ, बारीक दाण्याची. एकाच ओळीत तीन तऱ्हेची बाजरी. तक्रार कुठं करणार, हातात कागदच नाही. त्या दिवसापासून घरात नियम केलाय: बंद पिशवी, शिवणीत टॅग, पक्कं बिल, आणि पेरून झाल्यावर पिशवी, टॅग आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत देवळीत जपून ठेवायचं. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो. सत्यप्रत (विकणाऱ्यानं स्वतःच्या हमीवर दिलेलं) असेल तर हिरवट. दिसायला ओळखता येत नाही अशी ही वस्तू आहे, दाण्यावर लोह लिहिलेलं नसतं, म्हणून कागदाला इथं जास्त किंमत आहे, सोन्यासारखी.

२०२४ ला कृषी विज्ञान केंद्रातल्या मॅडमनीच कुठं मिळेल ते सांगितलं, मेच्या शेवटी जाऊन आणलं. दीड किलोची पिशवी, एकराला बरोबर पुरते. संकरित वाणाच्या पिशवीपेक्षा बरीच स्वस्त पडली. हे सुधारित वाण आहे, संकरित नाही, म्हणजे आपलंच बी पुढच्या वर्षी धरता येतं, त्यावर खाली बोलते.

पेरायच्या आधी मिठाच्या पाण्याची प्रक्रिया केली. ही सगळ्यांनी करावी, कुठलीही बाजरी असो. दहा लिटर पाण्यात दोन किलो जाडं मीठ विरघळवायचं, त्यात बी टाकून हलवायचं, जे तरंगतं ते पोचट आणि अरगटाची काळी बुरशी असलेलं, ते काढून जाळून टाकायचं, खाली बसलेलं साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. बंद पिशवीतल्या बियांत अगदी चमचाभर तरंगलं. वाळताना ते बी मी पहिल्यांदा नीट बघितलं. टपोरं, गोलसर, राखाडी आणि त्याला एक चकाकी, पाटीच्या दगडाला पाणी लावल्यावर असते तशी.

ओट्यावर पसरलेलं ते बी बघून आमच्या आत्या (सासूबाई) थांबल्या. हातात घेतलं, फुंकर मारली, दोन दाणे दाताखाली फोडले आणि म्हणाल्या, "आगं, ही तर आपली आयसीटीपी हाय. तुझा सासरा हीच पेरायचा, ही आत्ताची हायब्रीड यायच्या आधी." मला वाटलं त्यांना वाटत असेल तसं. नंतर माहिती काढली तर अगदी बरोबर निघालं. आयसीटीपी ८२०३ नावाचं वाण १९८८ ला आपल्याकडं आलं होतं, आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या बाजरीपासून केलेलं, लवकर येणारं, टपोऱ्या दाण्याचं, आणि नगर-नाशिक-धुळे भागात लोकांनी ते डोक्यावर घेतलं होतं. धनशक्ती म्हणजे त्याच वाणातली जास्त लोहाची झाडं निवडून, त्यांच्या ओळी वाढवून, पुन्हा एकत्र करून केलेली आवृत्ती आहे, चाचण्यांमध्ये तिच्यात मूळ वाणापेक्षा लोह ९ टक्के जास्त आणि उत्पन्न ११ टक्के जास्त आलं. म्हणजे मूळ आयसीटीपीतच लोह चांगलं होतं. आमच्या सासऱ्यांच्या काळात हे घर जे खात होतं ते चांगलं होतं, मध्ये आम्ही जास्त पोत्यांच्या मागं लागलो तेव्हा ते हातचं गेलं, आणि आम्हाला कुणी सांगितलंही नाही की काय गेलं.

पीक कसं आलं ते सांगते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरलं, पंचेचाळीस सेंटिमीटरवर पाभरीनं, वीस दिवसांत विरळणी, एक खुरपणी, दोन कोळपण्या. पंचेचाळीस दिवसांत कणीस बाहेर, पंचाहत्तर-अठ्ठ्याहत्तर दिवसांत कापणीला. गोसावी रोग चार-पाच ताटांवर दिसला, उपटून काढली. पाखरांचा त्रास मात्र खरा आहे. सगळ्या पंचक्रोशीच्या आधी हिचं कणीस भरतं आणि दाणा टपोरा, केसं नाहीत, त्यामुळे चिमण्या, पोपट सगळे हिच्यावरच. दहा-बारा दिवस सकाळ-संध्याकाळ कुणीतरी राखायला पाहिजेच. आत्या माळ्यावर बसायच्या, धाकटा शाळेतून आला की गोफण घेऊन तिकडंच. ज्यांच्याकडं माणूस नाही त्यांनी हे आधी लक्षात घ्या.

एकरात आठ क्विंटल झाली. बांधाला लागून भाऊजींनी (दिरांनी) संकरित केली होती त्यांना अकरा झाली. हा फरक खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. भाऊजी मला मळणीच्या वेळी म्हणाले, वहिनी, तीन पोती सोडून दिली तुम्ही. मी म्हटलं हो, सोडली. पण २०२५ ला उलट झालं. गेल्या सप्टेंबरचा पाऊस आठवतो ना, आमची कणसं तोवर मोडून, वाळवून घरात आली होती कारण ती लवकर येते, साडेसहा क्विंटलच झाली पण कोरडी ठणठणीत. भाऊजींची उभी होती ती भिजली, कणसातच मोड आले, दाणा काळा पडला, शेवटी निम्मी जनावरांपुढं. त्यांचं नुकसान झालं म्हणून मला आनंद नाही, एकाच घरचं आहे ते, पण दोन्ही वर्षं समोर ठेवून ठरवा एवढंच.

आता भाकरी. सगळ्या बायका हेच विचारतात, चव कशी, थापायला कशी, फुगते का. उत्तर असं आहे की बाजरीची भाकरी जशी असते तशीच. लोह जास्त म्हणून रंग वेगळा नाही, वास नाही, गोळीसारखी धातूची चव तर अजिबात नाही. दाणा टपोरा असल्यामुळे कोंडा थोडा कमी निघतो आणि पीठ किंचित पांढुरकं दिसतं असं मला वाटतं. ताजं पीठ असेल तर विरी (पिठाचा चिकटपणा) छान आहे. मी परातीत दोन मुठी पीठ घेते, चिमूटभर मीठ, कोमट पाणी लागेल तसं, आणि तळहाताच्या टाचेनं रगडून मळते, गोळा मऊ झाला की कडेला चिरा पडत नाहीत, मग पिठावर थापत फिरवायची, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, ते पाणी सुकत आलं की उलटायची आणि दुसरी बाजू भाजली की तवा सरकवून चुलीच्या तोंडाशी आरावर उभी धरायची. टम्म फुगते. धाकटा वरचा पापुद्रा काढून त्यात लोणी आणि मीठ भरतो, तेवढ्यासाठी तो चुलीपाशी बसून राहतो.

पीठ मात्र एका वेळी आठ दिवसांचंच दळा. बाजरीत तेल जास्त असतं, दळल्यावर ते लवकर खवट होतं, पंधरा दिवसांत पीठ कडू लागतं, विरी जाते, भाकरी तुटते आणि मग लोक म्हणतात हे वाण चांगलं नाही. ते वाणाचं काही नसतं. त्याच कारणानं तयार पिठाची पाकिटं घेऊ नका असं माझं मत आहे, शहरातल्या माझ्या बहिणीलाही हेच सांगितलं, बाजरी आणून ठेव, ती डब्यात सहज टिकते, गिरणीतून थोडी थोडी दळून आण. आणि दळून आणलं की चाळून कोंडा टाकू नका, लोह आणि जस्त बरंचसं दाण्याच्या वरच्या भागात आणि अंकुरात असतं.

भाकरीखेरीज बाजरीची खिचडी होते, दाणे थोडे ओले करून उखळात कांडायचे, साल पाखडायचं, मुगाच्या डाळीबरोबर शिजवायची, वरून तूप. खारोड्या केल्या, उन्हात वाळवल्या, पोरं येता-जाता खातात. भोगीला तीळ लावून भाकरी तर आमच्याकडं पूर्वीपासूनच. अडचण एकच, उन्हाळ्यात बाजरी उष्ण पडते म्हणून मार्चपासून आमच्या भागात ज्वारीवर जातात, आम्हीही जातो. म्हणजे हा फायदा वर्षातले सात-आठ महिनेच. परभणीच्या विद्यापीठानं २०१८ ला लोह आणि जस्त जास्त असलेली परभणी शक्ती ज्वारी काढलीय, पण ती खरिपाची, आमचं सगळं ज्वारीचं काम रब्बीत, त्यामुळे आमच्या शेतात ती बसत नाही. मराठवाड्यातल्या, खरीप ज्वारीवाल्या बायकांनी ती जरूर बघावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोटात गेलेलं सगळं लोह अंगी लागत नाही. बाजरीत फायटेट नावाचा घटक असतो तो लोहाला धरून ठेवतो, आणि त्यावर आपण जे पितो ते आणखी भर घालतं. चहा. आमच्या घरी सकाळी चहात शिळी भाकरी कुस्करून खायची पद्धत होती, थोरली लहानपणापासून तेच खायची आणि त्यावरच शाळेत जायची. चहातला टॅनिन बरंचसं लोह अंगात शिरू देत नाही हे त्या शिबिरात कळलं तेव्हा मला अक्षरशः रडू आलं, कारण मी स्वतःच्या हातानं रोज ते देत होते, पोटभर खाऊन गेली म्हणून समाधानानं. आता चहा जेवणाच्या आधी किंवा नंतर तास-दीड तास सोडून. सकाळी भाकरी ताकाबरोबर न देता ठेच्याबरोबर किंवा तांदुळजाच्या भाजीबरोबर, आणि वर लिंबू पिळायचं, लिंबातल्या क जीवनसत्त्वानं लोह अंगी लागायला मदत होते. लिंबाचं झाड बांधावर आहेच. पेरूच्या दिवसांत पेरू. आत्यांनी सुरुवातीला ऐकलं नाही, साठ वर्षांची सवय, पण नातीसाठी त्यांनी स्वतःहून सकाळचा चहा उशिरा केला. याच्याशिवाय नुसती धनशक्ती पेरून उपयोग निम्माच होईल असं मी स्पष्ट सांगते.

गुण येतो का, हे विचारणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक अभ्यास झालेला आहे, आणि तो परदेशात नाही, आपल्याच ग्रामीण महाराष्ट्रात, १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलांवर. निम्म्यांना या जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी दिवसातून दोन वेळा, निम्म्यांना साध्या बाजरीची, सहा महिने. चार महिन्यांतच अंगातला लोहाचा साठा वाढलेला दिसला, आणि ज्यांना सुरुवातीला लोहाची कमतरता होती त्यांच्यातली कमतरता भरून निघण्याची शक्यता साध्या बाजरीवाल्यांच्या दीडपटीहून जास्त, १.६४ पट. २०१५ ला हे प्रसिद्ध झालं. पुढं मुलांचं लक्ष आणि स्मरणशक्ती तपासली तर त्यातही सुधारणा दिसली, हे वाचून मला थोरलीचं गणित आठवलं.

दुसरी गोष्ट आमच्या घरातली. जून २०२४ ला थोरलीचं एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) ९.२ होतं, तेव्हा ती तेरा वर्षांची. डॉक्टरांनी तीन महिने रोजची लोहाची गोळी दिली, शाळेतली सोमवारची निळी गोळी होतीच, जंताचं औषध झालं. बाजरी सप्टेंबरमध्ये घरात आली आणि तेव्हापासून तीच भाकरी. फेब्रुवारीत तपासलं तर ११.६, आणि गेल्या डिसेंबरला, गोळ्या बंद होऊन बरेच महिने झाल्यावर, १२.१. यातलं किती गोळीमुळं, किती चहा सोडल्यामुळं आणि किती भाकरीमुळं हे मी ठरवू शकत नाही आणि कुणी भाकरीनंच पोरगी बरी झाली असं माझ्या नावानं सांगू नका. ज्यांचं एचबी खूप कमी आहे, ज्या गरोदर आहेत, त्यांनी गोळी बंद करून भाकरीवर अवलंबून राहायचं नाही, अजिबात नाही. पण गोळ्या थांबल्यावर आकडा खाली घसरला नाही, याचं श्रेय मी मनातल्या मनात भाकरीला देते. ती आता शाळेला सायकलवर जाते, चढ न उतरता.

बाजाराचं मात्र मला मनापासून दुःख आहे. २०२४ ला दोन क्विंटल विकायला नेली. आडतीवर व्यापाऱ्यानं मुठीत घेतली, दाणा टपोरा आहे म्हणाला, आणि भाव लावला तोच जो शेजारच्या ढिगाला लागला. लोह जास्त आहे म्हटलं तर त्यानं नीट ऐकून घेतलं, चांगला माणूस होता, पण म्हणाला ताई हे मी पुढं कुणाला कसं दाखवू, आणि एकदा पोत्यात मिसळली की संपलं. बरोबर आहे त्याचं. म्हणजे तीन पोती कमी घ्यायची आणि भाव एकच, तर शेतकरी विकायला हे का पेरेल? आश्रमशाळा आहेत, वसतिगृहं आहेत, अंगणवाड्या आहेत, तिथं हीच बाजरी थेट विकत घेतली तर पोरांच्याही पोटात जाईल आणि आमचाही मेळ बसेल. हे सरकारनं करायला पाहिजे, आणि लवकर करायला पाहिजे. २०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून केवढे कार्यक्रम झाले, रॅल्या निघाल्या, आमच्या तालुक्यात पाककृती स्पर्धा झाली, पण रेशनच्या दुकानात आम्हाला गहू-तांदूळच मिळाला.

ज्यांना उत्पन्न सोडायचं नाही त्यांच्यासाठी आता संकरितमध्येही जास्त लोहाची वाणं आहेत. २०१८ ची फुले महाशक्ती, तिच्यात लोह ८७ पीपीएमपर्यंत आणि उत्पन्न हेक्टरी २९ क्विंटलच्या आसपास. एएचबी १२०० एफई आहे, लोह ७३ आणि उत्पन्न ३२ क्विंटल. बियाणं मात्र दरवर्षी विकत घ्यावं लागतं आणि आमच्या भागात वेळेवर मिळेलच असं नाही, गेल्या वर्षी मी तीन ठिकाणी विचारून रिकाम्या हातानं आले. ही माणसं काम करताहेत, वाण काढताहेत, पण पिशवी गावापर्यंत पोचेना झालीय. गव्हातही आहे तसं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ४०२८, बन्सी गव्हातला, लोह ४६ आणि जस्त ४० पीपीएम, कमी पाण्यावर येणारा. तो मी अजून पेरलेला नाही, या रब्बीत विहिरीला पाणी राहिलं तर अर्धा एकर करायचा विचार आहे.

बी धरण्याबद्दल. धनशक्तीचं बी धरता येतं हे खरं, पण बाजरीत परागीकरण वाऱ्यानं होतं आणि शेजारी संकरित असेल तर तिचा पराग येऊन मिसळतोच. बियाण्याच्या प्लॉटला दोनशे मीटर अंतर सांगतात. आमच्याकडं वाटण्या होऊन होऊन बांधाला बांध लागलाय, दोनशे मीटर कुठून आणायचं? म्हणून मी शेताच्या अगदी मधोमधची, एकसारख्या उंचीची, टपोरी कणसं खुणेची दोरी बांधून ठेवते, तीच मोडून वेगळी झोडते, आणि तेही दोनच वर्षं, तिसऱ्या वर्षी नवी पिशवी. सगळ्या भावकीनं एका शिवारात एकच वाण पेरलं तर हा प्रश्न सुटतो, तेवढं बोलणं मी सुरू केलंय.

अजून एक, जमीन चुनखडीची असेल, पिकाची पानं पिवळी पडत असतील, तर रोपालाच लोह उचलता येत नाही, मग दाण्यात कुठून येणार? ७१ हा बऱ्याच ठिकाणच्या चाचण्यांचा सरासरी आकडा आहे, प्रत्येक वावरात तोच मिळत नाही. माती तपासून घ्या, शेणखत टाका, जस्त कमी असेल तर झिंक सल्फेट द्या. आम्ही एकराला दोन ट्रॉल्या शेणखत टाकतो.

तर कुणी घ्यावी? ज्यांच्या घरात बाजरी खाल्ली जाते आणि स्वतःची पिकवली जाते, त्यांनी घरापुरती, अर्धा-पाऊण एकर, नक्की घ्यावी. पाच माणसांच्या घराला वर्षाला साडेतीन-चार क्विंटल पुरते. सगळी विकणाऱ्याला आज तरी मी हीच घ्या असं सांगणार नाही. यंदा आमचं तसंच ठरलंय, पाऊण एकर धनशक्ती खायला, बाकी पाऊण एकरात यांना जे संकरित करायचंय ते, फक्त मधे मुगाचा पट्टा ठेवून लांब पेरायचं. पाच तारे हवे असतील तर खाण्यासाठी पाचपैकी पाच, उत्पन्नासाठी साडेतीन, आणि मिळण्यासाठी दोन.

भाऊजींच्या सूनबाईला सातवा महिना लागलाय. परवा जाऊबाई आल्या, काही न बोलता कोठीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या त्या बाजरीतली दोन पायल्या दे, तिच्यापुरती वेगळी दळते." दिली. सोबत एक पिशवी लिंबंही दिली आणि चहाचं सांगितलं.